बढती घ्यावी का? पत्रात न आलेल्या एका मताबद्दल

प्रश्न विचारणारा तरुण ३६ वर्षांचा, पुण्यात आयटी कंपनीत आहे. मूळचा नगरकडचा. वडील ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेशक होते, सगळा जन्म दोन खोल्यांत गेला; याच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी आईच्या पाटल्या विकाव्या लागल्या. आता कंपनी त्याला दुबईला पाठवतेय. हुद्दा वरचा, पगार दुपटीहून जास्त, मात्र पहिली दोन वर्षं कुटुंब सोबत नेता येणार नाही. मंडळीतले पंच म्हणतात, ‘जगाच्या मागे लागलास.’ सासूबाई म्हणतात, ‘देवाने दार उघडलंय, तू बंद करू नकोस.’ त्याचा प्रश्न असा: ‘सार्वकालिक, म्हणजे कायम टिकणाऱ्या, गोष्टींना जास्त मोल द्यायचं म्हणजे ही बढती नाकारायची का? माझा विचार आहे की दोन-तीन वर्षं पैसा करून घेतो, घराचं कर्ज फेडतो, मग निवांतपणे देवाचं काम करीन.’

सलाम. तीसेक वर्षं पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, काम केलं, त्यातली बरीचशी तालुक्याच्या गावांत. तू माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

आधी सरळ उत्तर देतो. तुझ्या बढतीची मला भीती वाटत नाही. पगार दुप्पट झाला म्हणून कुणाचा विश्वास निम्मा झालेला मी पाहिला नाही, आणि पगार तुटपुंजा म्हणून कुणी आपोआप पवित्र झालेलाही पाहिला नाही. मला खटकलं ते तुझं शेवटचं वाक्य. ‘मग निवांतपणे.’ हे वाक्य शुभवर्तमानात आधीच कुणीतरी बोलून गेलंय, आणि त्याचं पुढे काय झालं ते तुला शब्बाथशाळेपासून, लहानपणीच्या बायबलवर्गापासून, ठाऊक आहे.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १२ वा अध्याय काढ. पण येशूने सांगितलेल्या दाखल्यापासून, म्हणजे बोधकथेपासून, सुरुवात करू नकोस, तीन ओळी मागे जा. गर्दीतला एकजण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, माझ्या वतनाचा वाटा मला दे म्हणून. म्हणजे भावकीचा वाद आहे. आपल्याकडे हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. अंत्यविधीवरून परतलेली माणसं चहाचा कप खाली ठेवायच्या आत सातबाऱ्यावर आलेली मी कितीदा पाहिली आहेत. येशू वाटणी करून द्यायला साफ नकार देतो आणि त्याऐवजी गोष्ट सांगतो. एका धनवान माणसाच्या जमिनीला फार पीक आलं. कोठारं पुरेनात. जुनी पाडून मोठी बांधायची असं त्याने ठरवलं आणि स्वतःच्या जिवाला म्हणाला, तुला पुष्कळ वर्षं पुरेल इतका माल ठेवला आहे; विसावा घे, खा, पी, आनंद कर.

या माणसाने काय गुन्हा केला? कुणाला लुबाडलं नाही, माप मारलं नाही, मजुरांची मजुरी बुडवल्याचंही कुठे लिहिलेलं नाही. पाऊस चांगला झाला, पीक चांगलं आलं. कोठार मोठं करणं हे तर कुठलाही शहाणा शेतकरी करील. अनेक वर्षं मी या दाखल्यावर बोलताना त्याला हावरट म्हणत आलो. एकदा हंगामाच्या सणाच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवसाच्या, आदल्या रात्री तेच तीन-चार श्लोक पेन्सिलने खुणा करत वाचत होतो, तेव्हा दिसलं की हा माणूस गोष्टीभर एकटाच बोलतोय. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. सल्ला स्वतःलाच विचारतो, उत्तर स्वतःच देतो, आनंदही स्वतःलाच वाटतो. घरात बायको आहे की नाही, गडी आहेत की नाहीत, शेजारी कोण, काही कळत नाही. आणि आज रात्रीच तुझा जीव जाणार, असं सांगून देव विचारतो काय? हे जे साठवलंस ते आता कोणाचं होईल? ‘कोणाचं’ हा प्रश्न त्याच्या हिशोबात आलेलाच नव्हता.

आता तुझं पत्र परत वाच. मी दोनदा वाचलं. पंचांचं मत आहे. सासूबाईंचं मत आहे. कर्ज आहे, पाटल्या आहेत, हुद्दा आहे. बायकोचं मत? एका शब्दाने नाही. लेकरं आहेत की नाहीत तेही कळत नाही. ‘कुटुंब सोबत नेता येणार नाही’ हे तू पगाराच्या आकड्यानंतर, व्हिसाची एखादी अट सांगावी तसं सांगितलंस.

आपण ‘सार्वकालिक’ हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांसमोर थडगं येतं. मेल्यानंतरची गोष्ट, म्हणजे सध्या घाई नाही. पण योहानाच्या १७ व्या अध्यायात येशू प्रार्थनेत त्याचा अर्थच सांगतो: एकच खरा देव आणि त्याने पाठवलेला ख्रिस्त यांना ओळखणं, हेच सार्वकालिक जीवन. ओळख. ओळख ही काही साठवून ठेवून नंतर वापरायची चीज नाही. मुलगी पाच वर्षांची असताना तिच्याशी ओळख ठेवली नाही, ती सात वर्षांची झाल्यावर एकरकमी भरता येत नाही. देवाच्या बाबतीतही मला तसंच दिसत आलंय. रिटायर झाल्यावर बायबल वाचू म्हणणारे माझ्या मंडळीत डझनभर तरी होते. त्यातले बरेचजण रिटायर झाले. त्यांचे दिवस आता गुडघेदुखीत आणि मोबाइलवर जातात. वाचायची सवय काही पेन्शनच्या कागदांबरोबर मिळत नाही.

पंचांचं म्हणणं मला पटत नाही, हेही स्पष्ट सांगतो. येशूला दोन जकातदार भेटले. लेवीला तो ‘माझ्यामागे ये’ म्हणाला आणि लेवी जकातीच्या नाक्यावरून उठून गेला. जक्कयाला मात्र तो असं काही म्हणाला नाही. त्याच्या घरी उतरला. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, ज्यांना फसवलं होतं त्यांना चौपट परत केलं, आणि नोकरी सोडल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. एकाच धंद्यातल्या दोघांना दोन वाटा. त्यामुळे तुझ्या बाबतीत ‘जा’ किंवा ‘जाऊ नको’ असं एखादं वचन मी काढून दाखवीन अशी अपेक्षा ठेवू नकोस. वचनाची चिठ्ठी काढून निर्णय घेणाऱ्यांचे निर्णय निस्तरण्यात माझी काही वर्षं गेली आहेत.

प्रेषित पौलाचा सोबती देमास मात्र लक्षात ठेव. त्याच्यावर कुणी उपदेश करत नाही, कारण त्याच्याबद्दल लिहिलेलंच थोडं आहे. फिलेमोनाच्या पत्रात पौल त्याला मार्क, लूक यांच्या पंक्तीत ‘सहकारी’ म्हणतो. कलस्सैकरांस पत्रात लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय आणि देमासाचं नुसतं नाव आहे. आणि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात: देमासाला ऐहिक सुख प्रिय वाटलं म्हणून तो मला सोडून थेस्सलनीकास गेला. थेस्सलनीका हे काही पापाचं गाव नव्हतं, तिथे चांगली मंडळी होती. कदाचित देमास तिथे दर आठवड्याला उपासनेलाही जात असेल. त्याने सोडलं ते तुरुंगातल्या एका म्हाताऱ्या माणसाला.

आपल्या मराठी मंडळ्यांत या विषयावर बोलताना दोन नावं हटकून येतात, आणि दोन्ही अर्धवट सांगितली जातात. पंडिता रमाबाईंचं सांगतो. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, तेव्हा त्या विशीच्या होत्या. त्या काळी एका बाईला याहून मोठं जगातलं यश कुठलं मिळणार होतं? व्यासपीठावरून ऐकवतात की रमाबाईंनी ते सगळं सोडलं. कुठे सोडलं? त्यांनी ती विद्वत्ता पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये नेली. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुली-विधवांमध्ये राहून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बाईलाही समजेल अशा साध्या मराठीत अख्खं बायबल आणलं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाच होत्या. संस्कृत सभेत दिपवणारी बुद्धी खेड्यातल्या बाईच्या तोंडचा शब्द शोधण्यात खर्ची पडली. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या, आणि ते बायबल छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये. आज बहुतेक मंडळ्यांत ते भाषांतर वाचलंही जात नाही. कंपनीच्या भाषेत ‘आऊटपुट’ काढायला बसलास तर हिशोब जुळणार नाही. पण ज्या बायका ते खिळे जुळवताना वाचायला शिकल्या, त्यांना कुठल्या रकान्यात टाकशील?

दुसरं नाव कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला संन्यस्त जीवन आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये ते ख्रिस्तवासी झाले. त्यांची गीतं आपण आजही गातो. पण त्यागाची गोष्ट सांगताना त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना विसरायचं नाही. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि घरची चूल कशी पेटायची ही काळजी त्या बाईच्या डोक्यावर असे. लक्ष्मीबाईंनी ते विनोदाने लिहिलं म्हणून आपण हसतो. नवऱ्याने सगळं देवाला वाहिलं की बायकोच्या वाट्याला काय उरतं, हा प्रश्न त्या हसण्याखाली आहे. म्हणजे बढती घेतानाच नाही, बढती नाकारतानाही माणूस त्या कोठारवाल्यासारखा एकटाच बोलू शकतो.

मीही बोललोय. एका तालुक्याच्या गावी मी पाळक असताना मंडळीचा हॉल बांधायला काढला. चाळिशीत होतो, अंगात वारं होतं. पावतीपुस्तक घेऊन मुंबई-पुणे पालथं घातलं. त्या दिवसांत आमची एक म्हातारी परिचारिका अंथरुणाला खिळली होती, मिशनच्या दवाखान्यात जन्म काढलेली. तिने शेजारच्या पोराबरोबर तीनदा निरोप धाडला: ‘पाळकसाहेबांना म्हणावं, प्रभुभोजन घेऊन या.’ प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा विधी; त्यासाठी आजाऱ्याच्या घरी न्यायची छोटी पेटी असते आमच्याकडे, आत एक बाटली, चार-सहा इवलेसे पेले आणि भाकरीची डबी. ती पेटी कपाटावरच राहिली. पहिल्यांदा सिमेंटवाला येणार होता, दुसऱ्यांदा कुठल्याशा देणगीदाराची वेळ मिळाली होती, तिसऱ्यांदा स्लॅब. स्लॅब टाकला त्या रात्री ती गेली. दुसऱ्या दिवशी मीच तिचा अंत्यविधी केला आणि कबरेपाशी ‘विश्वासू दासी’ वगैरे बोललो. हॉलच्या कोनशिलेवर आजही माझं नाव आहे, ‘यांच्या कारकिर्दीत’ असं. हॉल गळतो, असं ऐकतो.

हे तुला सांगतोय कारण तुझ्या मनात दोन कप्पे आहेत: कंपनीतलं ते जगाचं, मंडळीतलं ते देवाचं. इतकं सोपं असतं तर मी सुटलो असतो. मंडळीच्या आवारात जग भरपूर मिळतं. पंचकमिटीची निवडणूक बघ, ट्रस्टच्या जागेचे खटले बघ. हंगामाच्या सणाला उपासनेनंतर आपल्याकडे वस्तूंचा लिलाव होतो ना? एका वर्षी एक दुधीभोपळा ४,१०० रुपयांना गेला. भोपळा साधाच होता. बोली लावणारे दोघे निवडणुकीत समोरासमोर होते. टाळ्या पडल्या, खजिनदार खूश. जिंकलेला भाऊ भोपळा पायरीवरच विसरून गेला आणि सकाळी शेजारच्या बकरीने तो संपवला. देवाच्या नावाने लागलेली सगळ्यात महाग बोली बकरीच्या पोटात गेली.

उलट्या बाजूला ‘बी पेरा, शंभरपट मिळेल’वाले उपदेशक आहेत. स्क्रीनवर क्यूआर कोड, हातात तेलाची बाटली. सासूबाई त्यातलं काही बघत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण त्यांचं ‘उघडलेलं दार’ही जसंच्या तसं मान्य करू नकोस. पगार वाढला म्हणजे देव प्रसन्न, असं धरलं तर तुझे वडील आयुष्यभर शापित होते असं म्हणावं लागेल. माझ्या मंडळीत एकजण सरकारी खात्यात होता. बिलावर सही करायचे टक्के घेतले नाहीत, म्हणून शेवटपर्यंत बाजूच्या टेबलावर ठेवला गेला. देवाने त्याला नंतर दुप्पट दिलं असं मी सांगू शकत नाही, कारण दिलं नाही. बरोबरीच्यांचे बंगले झाले, तो एका खोलीच्या घरातून निवृत्त झाला. त्याची मुलं अजून त्या गोष्टीवरून कुरकुरतात. तो मात्र रात्री घोरत झोपतो, असं त्याची बायको तक्रारीच्या सुरात सांगते.

आता तुझ्या दुबईबद्दल. कर्ज फेडायची इच्छा चांगली आहे. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारला, असं पौल तीमथ्याला लिहितो. शब्द कडक आहेत आणि ते कमवायला नाक मुरडणाऱ्या धार्मिकांसाठीच आहेत. पैशाचं काय करायचं यावर येशूचं एक वाक्य लूकच्या १६ व्या अध्यायात आहे, ते आपण टाळतो कारण ते ऐकायला विचित्र वाटतं: या धनाने मित्र जोडा, म्हणजे ते संपेल तेव्हा तुम्हाला सार्वकालिक वस्तीत कुणीतरी घरात घेईल. मी त्याचा अर्थ शब्दशः घेतो. तिथे पासबुक पोहोचत नाही, माणसं पोहोचतात. म्हणून पगार वाढायच्या आधीच, अगदी या महिन्यात, ठरव की त्यातला किती भाग कोणासाठी जाईल. दशांश, म्हणजे देवासाठी काढायचा दहावा भाग, हा खालचा आकडा समज. आणि ‘कोणासाठी’ याच्यापुढे माणसांची नावं लिही, संस्थांची नंतर बघू. कुणाची फी, कुणाचं डायलिसिस. वाढलेला पगार हातात आल्यावर ठरवायला बसलास तर तोवर गाडीचं मॉडेल ठरलेलं असेल.

उपासनेची अडचण तिथे येईल असं वाटत नाही. २०२२ पासून त्या देशात सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी आहे, आणि ऊद मेथा भागात होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या भरतात. गेलास तर पहिल्याच आठवड्यात तिथे जा. मागच्या बाकावर बसून सटकू नकोस, कुणाच्या तरी घरी जेवायला जा. आखाती देशांत गेलेल्या आपल्या पोरांचा विश्वास वाळवंटाने सुकत नाही. रात्री दहाला खोलीवर येऊन एकट्याने जेवायचं, त्याने सुकतो.

कुटुंबाशिवायच्या दोन वर्षांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, आणि ते तुला आवडणार नाही. ही अट बदलून घे, नाही बदलली तर सोड. कंपनीला विचार, सहा महिन्यांवर येतं का, पगार थोडा कमी घेऊन जमतं का. विचारलंयस का? पत्रावरून वाटत नाही. नाइलाजाने लेकरांना मागे ठेवून गेलेल्या नर्सेस, ड्रायव्हर यांना मी कधी असं म्हटलं नाही. घरी चूल पेटत नसेल तर माणूस जातो, आणि देवही त्याच्याबरोबर जातो. तुझी चूल पेटलेली आहे. तू कर्जाचा हप्ता मुदतीच्या कितीतरी आधी, दोन-तीन वर्षांत संपवायला निघालायस. उरलेल्या वर्षांचं व्याज वाचेल हे खरं, आकडा मोठा असेल, मीही मान्य करतो. पण त्याच्या बदल्यात जे देतोयस ते तुझ्या एकट्याच्या मालकीचं नाही.

म्हणून मला उत्तर लिहायच्या आधी एका संध्याकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि हे सगळं बायकोपुढे मांड. ‘मी असं ठरवतोय, तुला काय वाटतं’ असं नाही. ठरवायच्या आधी विचार. ती ‘जा’ म्हणाली तर माझं ठाम मत मी मागे घेईन.

मग रविवारी दुपारी वडिलांना फोन कर. आईसाठी पाटल्या करायच्या आहेत हे सांग, पण करायच्या आधी तिला हव्यात का ते विचार. आणि वडिलांना विचार, त्यांना कधी बढती चालून आली होती का. उपदेशकाला एवढ्या वर्षांत एकदा तरी कुणी शाळेतली नोकरी, शहरातली जागा देऊ केलेली असतेच. त्यांनी ती का नाकारली, ते ऐकून घे. आणि नाकारताना तुझ्या आईला विचारलं होतं का, हेही विचार. काय म्हणाले ते मला कळव.